मोटरसायकलचे डिस्क पॅड घरी तपासणं आणि बदलणं

पॅड बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम. पिन काढायची, जुने पॅड काढायचे, नवे घालायचे, पिन पुन्हा कसायची. गर्दीच्या वेळी गॅरेजमध्येही एवढंच होतं, आणि मग दोन-तीन महिन्यांत तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. पॅड संपणं हा बिघाड नाही, ते झिजण्यासाठीच असतात. पण एक पॅड कागदासारखा झालेला आणि त्याचा जोडीदार अजून भरलेला, असं निघालं तर कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात, काहीतरी अडकलेलं असतं. ते तसंच ठेवून नवे पॅड घातले, तर तेही त्याच वाटेनं जातात. म्हणून इथे पाने-बोल्टांपेक्षा जुना पॅड वाचण्यावर आणि कॅलिपर साफ करण्यावर जास्त भर आहे.

इंदुरात हे काम वर्षातून दोनदा बघावं: मृग लागण्याआधी एकदा आणि नवरात्राच्या आसपास एकदा. कारण आपली माळव्याची काळी माती. ओली असते तेव्हा ती गोंदासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. पावसाळ्याचे चार महिने ती पॅडच्या कडांवर, पिनांवर, पॅड दाबणाऱ्या पिस्टनच्या उघड्या भागावर थर देत राहते. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यापर्यंत गाडी नेली असेल, तर रंगाच्या पाण्याचा चिखलही तसाच आत जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी कॅलिपरवर साध्या पाण्याची धार मारावी.

न खोलता तपासणी

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून कॅलिपरच्या मागच्या किंवा खालच्या बाजूने आत पाहा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना दोन थर दिसतील: एक लोखंडी पत्रा आणि त्यावर चिकटवलेला काळपट-करडा मसाला. घर्षण करतो तो मसाला. पहिल्यांदा बघणाऱ्यांची हमखास चूक इथेच होते. लोखंडी पत्राच तीन-चार मिलीमीटर जाड असतो, त्यामुळे पॅड अजून जाड आहे असं वाटत राहतं.

नव्या पॅडचा मसाला साधारण ४ ते ५ मिमी असतो. तो २ मिमीवर आला की नवे पॅड आणून ठेवा. १ मिमीवर आला की गाडी उभी करा. अंदाजासाठी एक रुपयाचं सध्याचं नाणं शेजारी धरा, ते साधारण दीड मिमी जाड असतं. मसाला नाण्यापेक्षा पातळ दिसला तर थांबण्यात अर्थ नाही. बऱ्याच पॅडना मधोमध खाच असते. ती खाच पुसली गेली म्हणजे पॅड संपला. दोन्ही पॅड बघा, एकाच बाजूने पाहून निकाल देऊ नका.

लिव्हरवरून झीज कळेल या भरवशावर कधीच राहू नका. ड्रम ब्रेकचं लायनर झिजलं की पेडल खाली जायला लागतं आणि नट आवळावा लागतो, त्यामुळे कळतं. डिस्कमध्ये पॅड जितका झिजतो तितका पिस्टन पुढे सरकून बसतो, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिलीमीटरपर्यंत लिव्हर तसाच घट्ट लागतो. बदलते ती हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी. पिस्टन पुढे गेला की त्याच्यामागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं. म्हणून पातळी खालच्या रेषेजवळ दिसली तर पहिला संशय पॅडवर घ्यावा. वरून ऑइल ओतून पातळी ‘बरोबर’ केली, तर ही खूण पुसली जाते. शिवाय पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की जास्तीचं ऑइल डबीतून बाहेर येऊन टाकीचा रंग खातं.

ब्रेक लावल्यावर लोखंड लोखंडावर घासल्याचा खरखर आवाज येत असेल, तर मसाला संपून पत्रा डिस्कला लागलाय. असे दोन-चार दिवस काढले तर पॅडबरोबर डिस्कही जाते.

डिस्कही याच वेळी पाहून घ्या. तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. ४ मिमीच्या डिस्कला ती बहुधा साडेतीनच्या आसपास असते. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावताना घासलेल्या पट्ट्यात लावा. बाहेरची कड झिजत नाही, तिथे एक उंच काठ तयार होतो आणि त्यावर मोजलं तर डिस्क नवी असल्यासारखा आकडा येतो. ब्रेक लावताना लिव्हर बोटांना धडधड ढकलत असेल तर डिस्क वाकलेली असण्याची शक्यता आहे. नव्या पॅडनी ते जात नाही.

पॅड कुठले घ्यायचे

मॉडेलचं नाव पुरत नाही, सालही सांगा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या अंतराने कॅलिपर बदललेला असतो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुना पॅड काढून दुकानात नेणं आणि पत्र्याचा आकार, कान आणि पिनेचं भोक जुळवून बघणं. पॅड दोन्ही एकदम बदलायचे. एक नवा, एक जुना असा मेळ घालू नका.

रोजच्या शहरी वापराला कंपनीने दिले त्याच प्रकारचे पॅड घ्यावेत, बहुतेक गाड्यांत ते रेझिनने बांधलेले किंवा अर्धधातू असतात. सिंटर्ड पॅड (धातूची भुकटी दाबून-तापवून बनवलेले) उष्णता जास्त सोसतात आणि पावसात चांगले पकडतात, पण त्यांच्यासाठी न बनवलेली डिस्क ते लवकर खातात. केवळ ‘भारी माल’ म्हणून ते घालू नयेत.

हत्यारं

५ आणि ६ मिमीची एलन की, १२ आणि १४ चे सॉकेट, नोज प्लायर, डबीच्या झाकणाला नेमका बसणारा स्टार स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, सुती फडकी, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, सुईविना सिरिंज, हातभर सुतळी. सी-क्लॅम्प असला तर उत्तम. सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत होतं. एलन की मात्र चांगल्या पोलादाची घ्या. स्वस्तातली की गोल होते आणि जाताना पिनेचं डोकंही गोल करून जाते.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही कॅलिपर धुवायला वापरायचं नाही. आतली रबरं त्यानं फुगतात. स्प्रे नसेल तर शाम्पूचं पाणी चालतं, भरपूर साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवलं की झालं. पॅडची धूळ फुंकरीनं किंवा हवेच्या नळीनं उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा.

खोलणं

सुरू करण्याआधी दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. आत पत्र्याची एक स्प्रिंग असते, ती उलटी बसवली जाण्याचा धोका सगळ्यात जास्त.

पहिली गोष्ट: कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच पॅडची पिन थोडी सैल करून घ्या. आधी कॅलिपर सुटा केला तर हातात धरून ती जाम पिन फिरत नाही. काही गाड्यांत पिनेवर चपटा स्क्रू झाकण म्हणून असतो, तो आधी काढावा लागतो. काहींत पिनेच्या टोकाला बारीक क्लिप असते. ती उडते, हाताने झाकून ओढा.

मग कॅलिपर फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांना) धरणारे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर डिस्कवरून मागे ओढून घ्या. तो ब्रेकच्या नळीवर लोंबू द्यायचा नाही, सुतळीने फोर्कला बांधा. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाजवळच्या सेन्सरच्या वायरला ताण बसत नाही ना हे बघा. आणि कॅलिपर बाहेर असताना लिव्हरला हात लावायचा नाही, घरातल्या मुलांनाही लावू द्यायचा नाही. डिस्क मधे नसेल तर पिस्टन सरळ बाहेर पडतो, सगळं ऑइल सांडतं, आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं.

आता पिन पूर्ण काढा, पॅड निघतील. कुठला पिस्टनकडचा आणि कुठला बाहेरचा, हे मार्करने मागे लिहा. याची गरज लगेच पडणार आहे.

जुना पॅड वाचा

दोन्ही पॅड उजेडात शेजारी शेजारी ठेवा.

पिस्टनकडचा पॅड बराच झिजलाय आणि समोरचा जाड आहे: सरकत्या पिना जाम आहेत. आपल्या बहुतेक गाड्यांत कॅलिपर तरंगता असतो, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून दुसरा पॅड ओढून आणतो. पिना गंजल्या की हे सरकणं थांबतं आणि एकटा पॅड दोघांचं काम करतो. ब्रेकची ताकद तेव्हाच घटलेली असते, पण ती इतकी हळूहळू घटते की हाताला सवय होऊन जाते.

पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड: थोडा उतार चालतो, एका मिलीमीटरच्या वर फरक असेल तर दोनपैकी एकच पिन अडकली आहे किंवा पॅडचे कान जिथे सरकतात तिथल्या पत्र्याखाली माती-गंज साचलाय.

दोन्ही सारखे, पण फार लवकर संपलेले: पिस्टन मागे फिरत नाही. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे घेते ती आतली चौकोनी रबरी सील. ब्रेक लावताना ती जराशी पिळली जाते, सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणते. बस, तेवढंच. त्यामुळे पिस्टनवर गंजाचा किंवा मातीचा खरखरीत थर असेल तर सील हरते आणि पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो. थोडी गाडी चालवून, ब्रेक न लावता थांबून, डिस्कजवळ हाताचा मागचा भाग न्या. धग जाणवली तर हेच कारण. मागच्या डिस्कला हीच लक्षणं असतील तर आधी स्वतःची सवय तपासा. पाय पेडलवर टेकवून चालवणाऱ्यांचे मागचे पॅड असेच संपतात.

काचेसारखा चमकता पृष्ठभाग: पॅड भाजलाय. खंडव्याच्या रस्त्यानं ओंकारेश्वरला जाणाऱ्यांकडे हे दिसतं. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आणि नर्मदेकाठचं बडवाह त्याच्या साडेतीनशे मीटरच्या आसपास खाली, आणि त्यातला बराच उतार सिमरोलच्या पुढच्या घाटात. तिथे उच्च गिअरमध्ये हलका ब्रेक धरून उतरलं की मसाला तापून वर चकाकी धरतो, आणि चकाकलेला पॅड पकडत नाही. मसाला भरपूर उरला असेल तर सपाट काचेवर १२० नंबरचा सँडपेपर ठेवून आठाच्या आकड्यात हलकं घासून चकाकी काढता येते. घाटात मात्र खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर उतरायचं आणि ब्रेक लावायचा तो जोरात, थोडा वेळ, आणि मग पूर्ण सोडायचा.

ओलसर काळा डाग किंवा तेलाचा वास: पॅड गेला. मसाला स्पंजासारखा तेल पितो, ते घासून किंवा गॅसवर शेकून निघत नाही. तेल आलं कुठून ते शोधा. फोर्कची सील गळत असेल तर फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसतं. कॅलिपरची सील गळत असेल तर पिस्टनभोवती ओल दिसते. दोन्ही नसेल तर चेनला मारलेला स्प्रे, किंवा वॉशिंग सेंटरवर धुऊन झाल्यावर गाडी चमकवायला मारलेला डिझेलचा फवारा. हा प्रकार सर्रास चालतो. गाडी धुवायला देताना ‘डिझेल मारू नका’ हे स्पष्ट सांगा, आणि आणल्यावर डिस्क पुसून घ्या.

मसाल्याला भेगा किंवा पत्र्यापासून कड सुटलेली: कितीही जाड असो, टाकून द्या.

कॅलिपरची सफाई

कॅलिपरचा ब्रॅकेट (पॅड ज्यात बसतात ती चौकट) हाताने ओढून पिनांवरून काढा. जाम असेल तर हळूहळू मागेपुढे हलवत काढा, रबरी बूट फाटू देऊ नका. पिना पुसून लखलखीत करा, गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला. दोनपैकी एका पिनेवर रबरी बुश असेल तर ती पुन्हा त्याच भोकात जायला हवी. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बेअरिंगचं पिवळं ग्रीस नाही, कारण खनिज तेलानं बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. ग्रीस फार भरलं तर आत हवा कोंडून कॅलिपर परत ढकलला जातो. नीट झालेल्या पिनेवर ब्रॅकेट दोन बोटांनी सरकतो.

आता पिस्टन. तो मागे ढकलण्याआधी साफ करायलाच हवा. बाहेर दिसणाऱ्या भागावरची माती तशीच आत गेली की सील ओरखडते. क्लीनर मारून टूथब्रशने सगळीकडून घासा, मागच्या बाजूला सुती पट्टी फिरवून पुसा. क्रोम उडालेलं किंवा खड्डे दिसले तर पिस्टन आणि सीलचा संच बदलावा लागेल, तो नव्या पॅडपेक्षा जास्त निकडीचा खर्च आहे.

डबीभोवती फडकं गुंडाळा, झाकण काढा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. क्लॅम्प नसेल तर अंगठ्याच्या जोरावरही साफ पिस्टन जातो, आणि जात नसेल तर तो अडकलाय हे तिथेच कळतं. दोन पिस्टन असतील तर दोन्ही एकदम दाबा, एक दाबला की दुसरा बाहेर येतो. डबी भरत आली तर सिरिंजने ऑइल काढा. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नुसतं पुसून भागत नाही.

या ऑइलबद्दल थोडं. दुकानात याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण हे इंजिन ऑइलचं भावंड नाही. ते ग्लायकॉलचं असतं, हवेतली ओल पितं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पुरेशी ओल प्यायल्यावर तो आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर पोकळ होतो. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, झाकणावर लिहिलेलाच डॉट क्रमांक घ्यायचा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. अर्धवट वापरून वर्षभर उघडी राहिलेली बाटली वापरू नये.

बसवणं

स्प्रिंग फोटोप्रमाणे बसवा. नव्या पॅडच्या मसाल्याला बोट लावू नका. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत बसवून स्प्रिंगवर वर दाबा आणि दोन्ही भोकं एका रेषेत आली की पिन घाला. पिन आधी घासून साफ करा. हिच्यावर घर पडलेलं असेल, म्हणजे पॅडने खाच पाडली असेल, तर नवी घ्या. पॅड त्या खाचेत अडकून मागे फिरत नाही.

डिस्क क्लीनरने पुसून कॅलिपर चढवा. दोन्ही बोल्ट आधी हाताने पाच-सहा आटे घाला, मगच पाना लावा. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर कस पुरतो, गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. शेवटी पॅडची पिन कसा, झाकणाचा स्क्रू किंवा क्लिप लावा.

इथे एक पायरी राहून गेली तर जीव धोक्यात येतो. पिस्टन अजून खूप मागे आहे. पहिल्या दाबाला लिव्हर थेट ग्रिपला टेकेल. गाडी जागेवरून हलवण्याआधी लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबा, घट्ट होईपर्यंत. मागच्या ब्रेकला पेडल तसंच. मग डबीतली पातळी दोन रेषांच्या मधे आहे ना बघून झाकण लावा, चाक हाताने फिरवा. बारीक सुरसुर चालते, चाक अडता कामा नये. ब्रेक लाइट लागतो का तेही बघा.

दहा-पंधरा दाबांनंतरही लिव्हर स्पंजासारखा असेल तर आत हवा आहे. कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या बोल्टला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोड्या नव्या ऑइलात बुडवा. लिव्हर दाबून धरा, ८ च्या पान्याने निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा आणि डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर वरून नवी हवा शिरते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरच्या मशीनवरच होतं. नुसते पॅड बदलताना ही वेळ येत नाही.

पहिले २०० किलोमीटर

नवा पॅड सपाट असतो, जुनी डिस्क किंचित पन्हाळी. दोघं एकमेकांना घासून जुळेपर्यंत पकड कमीच मिळते. सकाळी रस्ता मोकळा असताना सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी ४० वरून १० पर्यंत मध्यम जोरानं पंधरा-वीस वेळा वेग कमी करा. दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट गाडी चालती ठेवा म्हणजे डिस्क थंड होईल. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहू नका. त्यानंतर १५० ते २०० किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. नवे पॅड घालून त्याच दिवशी घाट उतरायला निघू नये.

किंचाळल्यासारखा आवाज पहिल्या काही दिवसांत येऊन थांबत असेल तर सोडून द्या. आठवड्यानंतरही येत असेल तर स्प्रिंग, पॅडमागचा पातळ पत्रा आणि पिना पुन्हा पाहा. यातलं काहीतरी राहून गेलेलं असतं. आणि २०० किलोमीटर झाले की एकदा बोल्टवर पाना लावून बघा, टॉर्च लावून दोन्ही पॅडची जाडी पुन्हा पाहा. दोन्ही सारखे दिसले म्हणजे पिना सरकतायत.

मागे ड्रम असेल तर त्याचं थोडक्यात: ब्रेक पूर्ण दाबला असताना ड्रमच्या बाहेरच्या आर्मजवळचा बाण झाकणावरच्या खुणेला टेकला की लायनर संपलं. तोवर पेडलची मोकळी चाल २० ते ३० मिमी ठेवत नट आवळत राहा. १२५ सीसीपर्यंतच्या, कॉम्बी ब्रेक असलेल्या गाडीत मागच्या पेडलनं पुढचाही ब्रेक लागतो. तिथे नट फिरवण्याआधी पुस्तिकेतला क्रम वाचा, नाहीतर पुढचा ब्रेक सतत धरलेला राहतो आणि आत्ताच घातलेले पॅड महिन्याभरात उतरतात.